पाठमोरे

"मावशी, यातला बाबा कुठला?"

डोंबिवलीच्या मित्राची लेक जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. शाळेने आईबाबांचा तरुणपणीचा फोटो मागवला होता आणि शोधता शोधता तिच्या हाती लागला तो मालवणचा. आकाश केशरी, ओल्या वाळूत तेच केशरी आणि मधे चार काळ्या आकृत्या. सगळे पाठमोरे. चेहरा नाही, कपड्यांचा रंग नाही, कुणाच्या हातात काही नाही. मी चहाचा कप खाली न ठेवता डावीकडून दुसऱ्या आकृतीवर बोट ठेवलं. विचार करावाच लागला नाही. तिने स्क्रीनजवळ डोळे नेऊन पाहिलं आणि लगेच विचारलं, "कशावरून?" उंचीवरून म्हणावं तर त्यातले तिघं जवळपास एकाच उंचीचे. केसांवरून म्हणावं तर वाऱ्याने सगळ्यांचेच केस उडालेले. "कळतं गं," असं काहीतरी मी म्हणाले. तिचं समाधान झालं नाही, पण तेवढ्यात तिला बाबाचं कॉलेजचं ओळखपत्र सापडलं आणि प्रश्न तिच्यापुरता मिटला. माझ्यापुरता तो परतीच्या लोकलमध्ये माझ्याबरोबर येऊन बसला. ठाणं गेलं, मुलुंड गेलं, आणि मी अजून त्या दुसऱ्या आकृतीकडेच बघत होते.

फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने नारिंगी आकड्यांत तारीख छापलेली आहे. ७ फेब्रुवारी २००८. त्या दिवशी अमावास्या होती. हे मला पंचांगामुळे नाही, काकूंमुळे लक्षात आहे. काकू म्हणजे आमच्यातल्या मालवणकराची आई. तिच्याकडे आम्ही सगळे उतरलो होतो, मुली माजघरात आणि मुलगे ओटीवर. संध्याकाळी आम्ही कॅमेरा, सेल, टॉवेल असं काय काय घेऊन निघालो तर ती पडवीत उभी. "आज अवस आसा. तिन्हीसांजेक दर्यार खंय चललात?" तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. समुद्राकाठच्या घरात वाढलेल्या माणसाला अवसेचा समुद्र वेगळा दिसतो. उधाणाचं पाणी किती आत येतं आणि जाताना किती ओढतं, हे तिने आयुष्यभर पाहिलेलं. मालवणकराने तिला "काठावरच आसंव गे" असं सांगून समजावलं आणि आम्ही दांडीच्या किनाऱ्याकडे सुटलो.

त्या अवसेनेच तो फोटो दिला, हे मला फार नंतर कळलं. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीची भरती सहाची, तर अमावास्या-पौर्णिमेची सव्वाअकराची, ढोबळमानाने बाराची. बाराला भरती म्हणजे सहाच्या सुमाराला ओहोटी, आणि मालवणात ती मुंबईपेक्षा थोडी आधीच होते. शिवाय ते उधाणाचे दिवस. पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. म्हणजे अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य टेकायच्या वेळी समुद्र लांबवर गेलेला असतो, नुकता परत वळलेला असतो, आणि त्याने सोडलेली रुंद, सपाट वाळू अजून सुकलेली नसते. तिच्यावर पाण्याचा इतका पातळ पापुद्रा असतो की पाऊल टाकलं की भोवतीचं पाणी क्षणभर हटतं, वाळू फिकट दिसते आणि लगेच पुन्हा भरून येते. आकाशाचं प्रतिबिंब पडतं ते या पापुद्र्यात. अष्टमीला त्याच जागी उभं राहावं तर पाणी सुरूच्या झाडांकडे निघालेलं असतं आणि पायाखाली नुसती कोरडी, पावलांनी तुडवलेली वाळू. फोटो काढणारे लोक ढगांचे अंदाज बघतात. मी आता आधी तिथी बघते.

दांडीहून समोर सिंधुदुर्ग दिसतो. आमच्या त्या जागेवरून फेब्रुवारीत सूर्य तटाच्या उजव्या टोकाशी खाली येतो. किनाऱ्यावरच मोरयाचा धोंडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा केली ती इथे. त्या खडकावर गणपती कोरलेला आहे आणि चंद्र-सूर्यही आहेत. त्या संध्याकाळी कोल्हापूरची मैत्रीण त्या कोरलेल्या सूर्यावर बोट फिरवत बराच वेळ बसली होती, खरा सूर्य पाठीमागे खाली उतरत असताना. आम्ही तिला हाका मारत होतो. ती म्हणाली, येते, हा कुठे जातोय. मीठ आणि वारा खाऊन त्या कोरीव रेषा बोथट झाल्या आहेत, पण बोटाला लागतात.

फेब्रुवारीतला सूर्य पाण्यापर्यंत पोचतोच असं नाही. ज्यांनी कोकणात हिवाळ्यातल्या संध्याकाळी काढल्या आहेत त्यांना ही हुरहुर माहीत असेल. क्षितिजाच्या वर बोटभर राखाडी धुरकट पट्टा असतो. सूर्य त्याच्यात शिरतो, आधी लाल होतो, मग जुन्या तांब्याच्या रंगाचा, मग त्याची खालची कड पुसली जाते आणि तो पाण्याला न टेकताच विरून जातो. पर्यटक "ढग आले" म्हणून उठतात. ढग नसतात, जमिनीवरून आलेली धूळ, धूर आणि दमटपणा असतो. खरं स्वच्छ क्षितिज हवं तर पाऊस संपता संपता जावं, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, हवा धुऊन निघालेली असताना. तेव्हा सूर्य पाण्यात बुडताना पूर्ण दिसतो. खालची कड टेकल्यापासून वरची कड जाईपर्यंत आपल्याकडे सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात. आणि यातली मला कायम चकित करणारी गोष्ट अशी की कड टेकते त्या क्षणी सूर्य खरा क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेतून येताना किरण वाकतात आणि जेमतेम सूर्याच्या बिंबाएवढेच त्याला वर उचलून दाखवतात. आपण सगळे रांगेत उभे राहून, श्वास धरून ज्याच्याकडे बघत असतो तो तिथे नसतो.

हे मी पहिल्यांदा नाशिककराकडून ऐकलं. तो आमच्यातला हिशेबी माणूस. त्याला सूर्यास्त बघायचाही असतो आणि तपासायचाही. ऑक्टोबरातल्या एका स्वच्छ संध्याकाळी, कुणकेश्वरला, त्याने आम्हाला सगळ्यांना ओल्या वाळूत पालथं झोपवलं होतं. हनुवटी वाळूवर टेकवून बघायचं, वरची कड बुडाली की ताडकन उभं राहायचं. आणि खरंच, उभं राहिल्यावर सूर्य परत दिसला, पाच-सहा सेकंदांसाठी, एक लाल किनार. डोळे वर गेले की क्षितिज लांब जातं, इतकंच त्याचं कारण. पण कपडे वाळूने माखलेले, दातांत खारट कचकच, आणि एकच सूर्य दोनदा मावळताना पाहिल्याचा तो आरडाओरडा! मंदिराकडून येणारे लोक थांबून बघत होते. त्या संध्याकाळचा एकही फोटो नाही, कारण सगळेच झोपलेले होते. मला तो सूर्यास्त सगळ्यांत स्पष्ट आठवतो.

तरीही फोटो काढू नयेत, नुसतं बघावं, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. कॅमेरा हातात असला की मी जास्त बघते. कुठे उभं राहायचं हे ठरवताना पाण्याची रेघ बघावी लागते, तट कुठे कापला जातोय ते बघावं लागतं, क्षितिज तिरकं होत नाही ना हे बघावं लागतं. काचेवर खाऱ्या हवेचा पातळ थर बसतो आणि सूर्याभोवती फोटोत खोटं वलय येतं, म्हणून दर थोड्या वेळाने पदराने नाहीतर ओढणीने भिंग पुसावं लागतं, आणि पुसताना आपोआप मान वर होऊन पुन्हा उघड्या डोळ्यांनी बघणं होतं. रंगांचंही तसंच. कॅमेऱ्याला स्वतःहून रंग ठरवू दिले तर तो केशरी उजेडाला आजारी समजून त्याला बरं करायला जातो आणि संध्याकाळ पांढुरकी करून टाकतो. त्याला 'दिवसाचा उजेड' असं बजावून सांगावं लागतं. मगच तो जे आहे ते ठेवतो.

आणि अंधार. त्या जुन्या छोट्या कॅमेऱ्याला आकाश आणि माणसं दोन्ही एकदम सांभाळता येत नसत. आकाश हवं असेल तर माणसं काळी, माणसं हवी असतील तर आकाश नुसतं पांढरं. मी आकाश निवडत असे, सगळेच निवडत, आणि मित्र काळे होत. आताचे फोन एका दमात अनेक फोटो काढून ते एकमेकांत मिसळतात, सावल्या उजळतात, आणि मावळतीकडे पाठ असलेल्या माणसाचाही चेहरा स्वच्छ दाखवतात. डोळ्यांना दिसत नव्हतं तेही दाखवतात. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, आईवडिलांबरोबर गेले की मीही तसेच काढते. पण मित्रांबरोबर असले की पडद्यावर आकाशाला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढते. काळे होईपर्यंत. चेहरे आमच्याकडे खूप आहेत, लग्नांतले, बारशांतले, हसून दाखवलेले. काळ्या फोटोत कुणी हसून दाखवू शकत नाही. तिथे माणूस फक्त उभा असतो.

उभं राहण्यावरून माणूस कळतो हे त्याच मालवणच्या मुक्कामात मी आधी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. दुपारी रापण लागली होती. होडीने जाळं लांब फिरवून आणलेलं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगांनी माणसं ओढत होती. आम्ही मधे घुसलो आणि दोर धरला, कुणी नको म्हणालं नाही. मी थोडी मागे जाऊन फोटो काढले. उजेड समोरून होता, सगळे काळेच आले. पण त्यात आमचे कोण आणि गावातले कोण हे एका नजरेत कळतं. ते लोक टाचा वाळूत रोवून अख्खं अंग मागे टाकतात, दोर त्यांच्या वजनाने येतो, हात नुसते धरायला. आमचे लोक पाय जुळवून उभे आणि सगळा जोर मनगटांत. जाळं वर आलं तेव्हा त्यात बांगडे होते आणि तारली ढीगभर, सगळं थडथडत, चमकत. आमच्या वाट्याला ओढण्याबद्दल मासेही आले. काकूने ते रात्री शिजवले, पण हे पुढचं.

काकू स्वतः कधी सूर्यास्त बघायला येत नसे. घरापासून समुद्र इतका जवळ की रात्री लाटा झोपेत ऐकू येतात. पण सूर्य मावळतो ती वेळ तिची नाहीच. तिन्हीसांजेला घर झाडून झालेलं असावं लागतं, तुळशीपाशी दिवा लागावा लागतो, माणसं उंबऱ्याच्या आत यावी लागतात. मीही अशाच घरात वाढले. हातपाय धुऊन 'शुभं करोति' म्हणायच्या वेळी बाहेर भटकणं म्हणजे काहीतरी चुकतंय हे आमच्या अंगात मुरलेलं आहे. म्हणून किनाऱ्यावर सूर्य खाली गेला, उजेड मंदावला, की आनंदाच्या तळाशी मला अजूनही एक बारीक ओढ जाणवते, घरी जायला हवं अशी. बाकीच्यांनाही जाणवत असावी, कारण त्या वेळी सगळे थोडे जवळ सरकतात. त्या दिवशी परत आलो तेव्हा काळोख झाला होता. तुळशीपाशी दिवा होता, आणि काकू त्याच्या बाजूला पायरीवर बसली होती. काही बोलली नाही. आम्हाला मोजलं, उठली, आणि आत जाऊन तवा ठेवला. घावणे आणि तारल्याचं तिखलं. खोबऱ्याचा आणि त्रिफळांचा तो वास, भिजून चुरचुरणारे पाय, केसांतलं मीठ. सूर्यास्त म्हटला की मला हे सगळं मिळून आठवतं, आकाश त्यातला एक भाग.

कोल्हापूरची मैत्रीण मात्र सूर्याकडे आमच्यापेक्षा वेगळ्या नात्याने बघते. तिच्या गावात मावळतीचा सूर्य देवळात येतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. किरणं महाद्वाराकडून आत शिरत अंबाबाईच्या पायांपाशी पोचतात, दुसऱ्या दिवशी आणखी वर चढतात, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. कधी ढग आडवे येतात, कधी वाटेतल्या इमारती. लहानपणी ती आजीच्या कडेवरून ते बघायला जात असे आणि किरण चेहऱ्यापर्यंत गेले की सगळं देऊळ हात जोडून हलतं, असं सांगताना तिच्या अंगावर अजून काटा येतो. त्या तारखांचं गणित तिने मला वाळूवर काठीने काढून दाखवलं. २१-२२ डिसेंबरला मावळतीची जागा दक्षिणेच्या टोकाला जाते आणि मागे फिरते. म्हणून त्याच्या आधी जितके दिवस, नंतरही तितकेच दिवस मोजले की सूर्य पुन्हा त्याच जागी मावळतो. आमच्या फोटोतला सूर्य ७ फेब्रुवारीला तटाच्या ज्या टोकाशी आहे, तिथे तो नोव्हेंबरच्या ४ तारखेलाही असतो. तिच्या गावात हे बांधणाऱ्यांना शेकडो वर्षांपूर्वी ठाऊक होतं. मला ते तिने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. वर्षभर आपण म्हणतो सूर्य पश्चिमेला मावळतो. तो मावळतो नैर्ऋत्येच्या बाजूपासून वायव्येच्या बाजूपर्यंत, रोज थोडा सरकून.

आणि आमचा डोंबिवलीकर. त्याने आयुष्यात सूर्यास्ताचा एकही फोटो काढला नसेल. सूर्य गेला आणि लोक पाठ झटकून उठले की तो पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो. आधी मला वाटायचं गाडीची वाट बघतोय. मग देवबागला, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आहे, त्याने मला खांद्याला धरून वळवलं. खाडीच्या पलीकडे, जमिनीलगत, एक निळसर करडा पट्टा वर येत होता आणि त्याच्या डोक्यावर फिकट गुलाबी. ती पृथ्वीची सावली, तो म्हणाला. आपलीच. आपण उभे आहोत त्या जमिनीची, हवेवर पडलेली. हळूहळू तो पट्टा चढला, गुलाबी त्याच्यात बुडालं, आणि रात्र झाली. रात्र कुठून येते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हे त्याला कुणी शिकवलं होतं, विचारलं तर म्हणाला, कुणी नाही, सगळे तिकडे बघत होते म्हणून मी इकडे बघितलं.

अशा माणसाला काळ्या आकृतीत ओळखायचं तर पूर्वेकडे तोंड केलेला तो, असं सांगता आलं असतं. पण त्या फोटोत तो इतरांसारखाच समुद्राकडे बघतोय. मग कशावरून?

उत्तर मिळालं ते घरी येऊन फोटो मोठा करून बघितल्यावर, आणि मिळाल्यावर वाटलं की हे मला सुरुवातीपासून दिसत होतं. तो सरळ उभा नाही. कमरेपासून वर किंचित डावीकडे झुकलेला आहे. त्याच्या डावीकडे, अगदी कडेला, मालवणकर आहे. मालवणकराला डाव्या कानाने जवळपास ऐकू येत नाही. लहानपणी कान फुटला, उपचार वेळेवर झाले नाहीत. कॉलेजात तो बाकाच्या डाव्या टोकाला बसायचा, म्हणजे सगळं जग उजव्या कानाकडे. वर्गात तेवढं पुरायचं. किनाऱ्यावर पुरत नाही. लाटांचा घोष, वारा, त्यात चार माणसं एकदम बोलणारी, आणि सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. त्याला ओठही दिसत नाहीत. त्यामुळे कुणीतरी त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून चाललेलं बोलणं त्याच्या कानाशी न्यावं लागतं. हे काम कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. डोंबिवलीकर ते करत होता. नाशिककर काहीतरी बोलला की तो झुकायचा, कोल्हापूरची हसली की ती का हसली ते सांगायला झुकायचा. मग मी सगळे फोटो काढून बघितले, हरिहरेश्वरचे खडक, आरे-वारेच्या घाटरस्त्यावरचा कठडा, कुणकेश्वर. माणसं कधी डावीउजवी झालेली, कोल्हापूरचीने कधी साडी नेसलेली, पुढे पुढे पोटं सुटलेली. मालवणकर सगळ्यांत डावीकडे आणि त्याच्याशेजारी तो झुकलेला. उजेडातल्या फोटोंत हे दिसत नाही, कारण तिथे कुणीतरी "इकडे बघा" म्हणालेलं असतं आणि सगळे सरळ झालेले असतात.

मी त्याच्या लेकीला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आजीशी बोलताना पण बाबा असाच वाकतो." आजीला तर दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं.

मालवणकर आता मस्कतला असतो. कोकणातल्या कितीतरी घरांतून असं कुणी ना कुणी तिकडे आहे. समुद्र तोच, अरबी, म्हणजे त्याचं ओमानचं आखात, पण तो त्याच्या दुसऱ्या काठावर उभा आणि तोंड भलतीकडे. मस्कतचा किनारा उत्तर-ईशान्येला बघतो. तिथे सूर्य पाण्यातून उगवतो आणि मावळतो डोंगरांमागे, उघड्या तपकिरी खडकांच्या रांगेमागे. जन्मभर पाण्यात सूर्य बुडताना बघितलेल्या माणसाला ती संध्याकाळ अपुरी वाटते, असं तो म्हणतो. उगवतीचं कौतुक त्याला नाही. म्हणून आमच्यातलं कुणीही पश्चिम किनाऱ्यावर असलं की त्याला फोन लावायचा असा रिवाज पडला आहे. आमचा सूर्य गेल्यावर साधारण तासाभराने त्याचा जातो. आम्ही काळोखात चहा पीत असतो आणि फोनवर त्याच्या खिडकीत अजून ऊन असतं. "तुमचो गेलो? माझो आसा अजून," असं तो म्हणतो आणि फोन फिरवून दाखवतो. कानात यंत्र घालून बोलत असल्यामुळे आता आम्ही कुठल्या बाजूला आहोत याने त्याला फरक पडत नाही. तरी डोंबिवलीकर फोन हातात घेताना मान डावीकडे झुकवतो, मी पाहिलं आहे.

गेल्या काही महिन्यांत आमच्यात एकच चर्चा आहे. तो फोटो पुन्हा काढायचा. तशीच जागा, तसाच सूर्य तटाच्या टोकाशी, तशीच ओली वाळू आणि तीच माणसं. बोलायला सोपं आहे. कोल्हापूरचीला सूर्याची तारीख पाहिजे, कारण आठवड्याच्या फरकाने सूर्य तटामागे तरी जाईल किंवा मोकळ्या समुद्रात तरी. मला अमावास्या किंवा पौर्णिमा पाहिजे, कारण पाणी जवळ असलं तर प्रतिबिंब नाही. सूर्याची तारीख आणि चंद्राची तिथी दर वर्षी एकमेकींपासून अकरा-एक दिवस सरकतात, अधिक महिना आला की आणखी गोंधळ. जुळतात त्या १९ वर्षांनी. आपल्या घरांत हे सगळ्यांना माहीत असतं, एकोणिसाव्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी एका दिवशी येतात किंवा एका दिवसाच्या फरकाने. नाशिककराने लगेच पुढचं पंचांग काढलं. २००८ मध्ये १९ मिळवले की २०२७. पौष अमावास्या ६ फेब्रुवारीला. वार शनिवार. मस्कतला सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते.

मालवणकराने रजेचा अर्ज दिला आहे, फक्त दोन दिवस जोडून घ्यायचे आहेत. काकूंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. आता त्या थकल्यात, फोनवर जोरात बोलावं लागतं. मी सगळं समजावलं, सूर्य, पाणी, एकोणीस वर्षं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अवसच मेळली तुमका?" मी म्हटलं, काकू, दुसऱ्या कुठल्या दिवशी वाळू अशी ओली नसते. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाल्या, "मगे मी पण येतंय. दिवो जरा आदी लावतंय."

त्यांच्यासाठी खुर्ची न्यायची, ती ओल्या वाळूत रुतू नये म्हणून खाली फळी टाकायची, हे ठरलं. त्या कुठल्या बाजूला बसणार यावर वाद अजून चालू आहे. डोंबिवलीकर म्हणतो उजवीकडे, कोल्हापूरची म्हणते मधे. मीही फोटोत यावं, तिवई लावावी, असं नाशिककराचं म्हणणं, आणि ओल्या वाळूत तिवईचे पाय हळूहळू बसत जातात, क्षितिज तिरकं होतं, हे माझं. कोकणकन्येचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं. ५ फेब्रुवारीच्या रात्रीची गाडी, म्हणजे ७ डिसेंबर, सकाळी आठ. तिकिटं नाशिककर काढणार आहे, कुडाळपर्यंत.